भाजणी आणि यीस्ट : बेल्जियन इम्पीरियल स्टाउट चाखायची कशी, जोखायची कशी

थालिपिठाची भाजणी ज्याने एकदा तरी घरी केली आहे, त्याला खमंग कुठे संपतं आणि करपट कुठे सुरू होतं हे समजावून सांगावं लागत नाही. हरभऱ्याची डाळ गुलाबी झाली की उतरवायची. दोन मिनिटं जास्त राहिली तर सगळ्या पिठाला कडवटपणा लागतो, आणि तो मग कशानेही जात नाही. स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याची काळी बिअर, चाखायला लागणारी अर्धी तयारी तुमच्या नाकात अशी आधीच झालेली असते. उरलेली अर्धी यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीची, आणि बेल्जियन स्टाउटमध्ये खरी गंमत तिथेच आहे.

मी गेली काही वर्षं बेल्जियममधल्या गेंट शहरात राहते. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेले मराठी मित्रमैत्रिणी पहिल्यांदा काळी, जड बिअर समोर आली की एक घोट घेऊन पेला बाजूला सारतात. ‘काढा आहे’ म्हणतात. पुढे कुणीतरी पुन्हा आग्रह करतं, मग हळूहळू आवडू लागते, आणि एक दिवस तेच विचारतात : चांगली कोणती आणि नुसती जड कोणती, हे ओळखायचं कसं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुण्यामुंबईत घरी बसून वाचणाऱ्यालाही पद्धत तीच लागू पडेल, बाटली कोणतीही असो.

आधी ही बिअर आहे काय

अठराव्या शतकात लंडनच्या ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारे कारखाने, रशियाच्या राजदरबारासाठी खास जोरदार स्टाउट पाठवत. साउथवर्कची बार्कले पर्किन्स ही त्यातली नावाजलेली. ‘इम्पीरियल’ हा शब्द तिथून चिकटला. आज या नावाखाली साधारण ८ ते १२ टक्के अल्कोहोलची, जवळजवळ काळी, भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आणि चांगली कडू बिअर अपेक्षित असते.

बेल्जियमला ब्रिटिश स्टाउटची ओळख जुनी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे इंग्लिश आणि स्कॉटिश बिअरचा मोठा शौक होता. गिनेसची ८ टक्क्यांची ‘स्पेशल एक्स्पोर्ट’ तर १९४४ पासून जॉन मार्टिन या बेल्जियन आयातदारासाठी म्हणून बनते. पण हळूहळू इथल्या ब्रुअरांनी स्वतःच्या काळ्या बिअर काढल्या आणि त्यात स्वतःचं यीस्ट घातलं. वेस्ट फ्लँडर्समधल्या एसेन गावात १९८० मध्ये सुरू झालेल्या दे डोले ब्रुअर्सची ९ टक्क्यांची ‘एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउट’, सिंट-लीव्हेन्स-एसेच्या व्हान डेन बॉशची ‘बफेलो बेल्जियन स्टाउट’, एल्झेल गावची ‘एर्क्यूल स्टाउट’ ही त्यातली काही नावं. आणि ओस्टव्हलेटेरेनच्या दे स्ट्रॉइसे मंडळींची ‘ब्लॅक अल्बर्ट’, तब्बल १३ टक्क्यांची. तिच्या लेबलवर रशियन इम्पीरियलच्या जागी ‘बेल्जियन रॉयल स्टाउट’ असं लिहिलेलं असतं, कारण बेल्जियमला सम्राट नाही, राजा आहे. अल्बर्ट हे तेव्हाच्या राजाचं नाव. हीच बिअर बर्बनच्या पिंपात मुरवून ‘क्युवे डेल्फीन’ केली, ती राजाच्या त्या मुलीच्या नावाने, जिला पुढे २०२० मध्ये कोर्टाच्या निकालानंतर राजकन्या म्हणून मान्यता मिळाली.

बेल्जियन पद्धतीत दोन गोष्टी वेगळ्या पडतात. पहिली म्हणजे साखर. बेल्जियन ब्रुअर कँडी साखर किंवा तिचा काळा पाक सढळ हाताने वापरतात. ती जवळपास पूर्ण आंबते, अल्कोहोल वाढवते, पण बिअरच्या अंगात, म्हणजे दाटपणात, भर घालत नाही, म्हणून बिअर दिसते त्यापेक्षा हलकी आणि कोरडी लागते. दुसरी म्हणजे यीस्ट. इंग्लिश किंवा अमेरिकन स्टाउटमध्ये यीस्ट बहुतेकदा मागे उभं असतं. बेल्जियन यीस्ट पुढे येतं, आणि ब्रुअर आंबवण २० अंशांच्या वर, काही ठिकाणी २५ च्याही वर जाऊ देतात, म्हणून ते आणखी बोलकं होतं. केळं, नासपती, मनुका यांचे वास आणि लवंग-मिऱ्यासारखा मसाला ही सगळी त्याचीच करणी.

तेव्हा हातात पेला घेतलात की एकच प्रश्न डोक्यात ठेवा : या भाजणीचं आणि या यीस्टचं पटतंय का? रशियन इम्पीरियल स्टाउटच्या मापाने मोजलं तर चांगली बेल्जियन बिअर उगीच नापास होते. बेल्जियन म्हणून काहीही खपवून घेतलं तर वाईट बिअर पास होते.

किती आणि कुणी

हे आधी सांगते, कारण नवख्यांची पहिली चूक इथे होते. १३ टक्क्यांच्या ३३० मिलीलीटर बाटलीत सुमारे ३४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या तेवढ्याच साध्या बिअरमध्ये १३ ग्रॅम. म्हणजे एक बाटली म्हणजे अडीच बाटल्यांहून जास्त. एका बाटलीत तिघांनी चाखावं, प्रत्येकी १०० मिलीलीटर. जोखण्यासाठी तेवढं भरपूर होतं. एका बैठकीत अशा तीन बिअरपेक्षा जास्त घेऊ नका, चौथीला जीभ काहीच सांगत नाही. पोटात आधी काहीतरी असू द्या, पाणी जवळ ठेवा, गाडी चालवायची असेल त्याने चाखायला बसू नये. तुमच्या राज्यातलं किंवा देशातलं कायदेशीर वय आणि परवान्याचे नियम पाळायचे, हे वेगळं सांगायला नको.

घर, पेला, तापमान

चाखायच्या आधी तासभर तरी घरात फोडणी नको. उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. लसूण-मोहरीचा वास हवेत असेल तर बिअरमधली लवंग सापडणार नाही, आणि तिचा शोध हेच तर आपलं काम आहे. दुपारी झणझणीत मिसळ झाली असेल तर चाखणं दुसऱ्या दिवसावर टाका. तिखटाने जीभ तापलेली असली की अल्कोहोलची ऊब आणि मिरचीची आग वेगळी काढता येत नाही.

पेला पोटाला रुंद आणि तोंडाला आत वळलेला हवा. ट्युलिपच्या आकाराचा असतो तो, किंवा ब्रँडीचा. नसेल तर वाइनचा साधा पेला उत्तम चालतो. स्टीलचा पेला आणि उंच सरळ ग्लास दोन्ही टाळा, वास निसटून जातो. पेला धुतल्यावर साबणाचा अंश राहू देऊ नका आणि फडक्याने पुसू नका, उपडा ठेवून निथळू द्या. फडक्याला हमखास स्वयंपाकघराचा वास असतो.

तापमानाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. एकदा एका परीक्षणाच्या टेबलावर आमच्यापुढे थेट शीतकपाटातून काढलेल्या काळ्या बिअर आल्या. पहिल्या फेरीत सगळ्यांनीच लिहिलं : वास कमी, कडू, पातळ. अर्ध्या तासाने पेल्याच्या तळाशी उरलेला घोट सहज हुंगला तर तीच बिअर मनुका आणि चॉकलेटने दरवळत होती. आम्ही गुण पुन्हा लिहिले. तेव्हापासून मी घड्याळ लावते. फ्रीजमधून काढून बाटली अर्धा ते पाऊण तास बाहेर ठेवा, १२ ते १४ अंश साधलं की झालं. मुंबईच्या उन्हाळ्यात वीस मिनिटंही पुरतील.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. या बिअर बहुतेक करून बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेल्या असतात आणि तळाला यीस्टचा गाळ बसतो.

ओतणं, पाहणं

पेला तिरका धरून हळू ओता, शेवटी सरळ करून थोडा फेस येऊ द्या. बाटलीतला शेवटचा बोटभर भाग वेगळा ठेवा, गाळासकट. तो नंतर कामाला येईल.

मग उजेडासमोर धरा. रंग काळा किंवा काळपट तपकिरी, कडेला लालसर झाक चालते. फेस काकवीच्या फेसासारखा, गडद बदामी. बेल्जियन बिअरमध्ये वायू जास्त असतो म्हणून तो उसळून येतो, पण अल्कोहोल भरपूर असल्याने लवकर बसूही शकतो. मिनिटाभरात बसला म्हणून गुण कापू नका. फेस अजिबातच आला नाही तर मात्र नोंद करा. पुढे सांगितलेल्या गुणपत्रिकेत दिसण्याला ५० पैकी ३ गुण असतात, इथे जास्त वेळ घालवायचा नाही.

नाक

इथे वेळ घालवायचा.

पहिला वास पेला ओतल्या ओतल्या, लांबून. पेला नाकाखालून नुसता फिरवा. सगळ्यात आधी काय आलं ते लगेच लिहा, शब्द चुकला तरी चालेल. मग तळहाताने पेल्याचं तोंड झाकून तीन-चारदा गोल हलवा, हात काढा आणि दोन छोटे श्वास घ्या. एक लांब श्वास घेऊ नका, जोरदार बिअरमध्ये तो अल्कोहोलच नाकात भरतो. नाक थकलं असं वाटलं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. तो तुमच्या नाकाला सवयीचा असतो, पाटी पुन्हा कोरी होते.

कागदावर तीन रकाने आखा : भाजणी, यीस्ट, साखर.

भाजणीच्या रकान्यात कॉफी, कडू चॉकलेट, भाजलेले दाणे, पोळीवरचे काळे डाग, कोळसा, राख असे शब्द येतात. यांचाही क्रम आहे. दाणे आणि पोळी म्हणजे हलकं भाजलेलं माल्ट, कॉफी-चॉकलेट मध्यम, राख आणि कोळसा म्हणजे अतिशय भाजलेलं किंवा फार वापरलेलं.

यीस्टच्या रकान्यात फळं आणि मसाले. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरमुळे, म्हणजे फळासारख्या वासाच्या संयुगामुळे, येतो. ताजं पिकलं केळं असेल तर तसं लिहा, पण मुरलेल्या बेल्जियन स्टाउटमध्ये मला बरेचदा वसईच्या सुकेळीचा वास सापडतो : केळं, पण उन्हात सुकलेलं, मधासारखं. इंग्लिशमध्ये परीक्षक ‘सुकी फळं’ एवढंच लिहून सोडतात. आपल्याकडे खारीक वेगळी, खजूर वेगळा, काळी मनुका वेगळी, सुकं अंजीर वेगळं. ते वेगळेपण लिहा. परीक्षकाचा शब्द जेवढा नेमका, तेवढा ब्रुअरला उपयोगी.

साखरेच्या रकान्यात काकवी, काळा गूळ, करपवलेली साखर. कँडीचा काळा पाक आणि उसाची काकवी एक नव्हेत, तरी काकवीत जी किंचित खारट, लोहासारखी कड असते ती बिअरमध्ये सापडली तर नोंदवा. गुळाचा गोड वास आला म्हणजे बिअर गोड लागेल असं नाही. नाकाला गूळ आणि जिभेला कोरडी हे बेल्जियन बिअरमध्ये नेहमीचंच.

आता लवंग. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा थांबते. बेल्जियन यीस्टच्या बऱ्याच जाती धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनाइल ग्वायकॉल तयार करतात. त्याचा वास लवंगेसारखा असतो. खऱ्या लवंगेतलं युजेनॉल हे त्याच कुळातलं. आणि माल्ट खूप भाजलं की त्यातही ग्वायकॉल येतं, धुराचा वास देणारं. म्हणजे यीस्टची लवंग आणि भाजणीचा धूर हे एकमेकांचे सख्खे नातेवाईक. थोड्या प्रमाणात दोघं एकत्र आले तर काळ्या मसाल्यातल्या दगडफुलासारखा खोल, उबदार वास येतो. दोघंही भरपूर झाले की त्यांची बेरीज होते आणि बिअर दवाखान्यासारखी वाटू लागते. बहुतेक फसलेल्या बेल्जियन स्टाउट इथेच फसतात. ब्रुअरने स्टाउट चांगली केलेली असते, यीस्टही चांगलं असतं, दोघांना एकत्र आणताना एकालाही आवाज खाली घ्यायला सांगितलेलं नसतं.

हे शिकायचा घरगुती उपाय : दोन लवंगा पाव वाटी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. साधी काळी कॉफी, बिनसाखरेची, तीन कपांत घाला. एका कपात लवंगेच्या पाण्याचे दोन थेंब, दुसऱ्यात अर्धा चमचा, तिसऱ्यात दोन चमचे. हुंगून आणि चाखून पाहा. पहिल्या कपात लवंग आहे हे सांगता येणार नाही, पण कॉफी जास्त भरलेली वाटेल. तिसरा कप दंतवैद्याकडे घेऊन जाईल. दुसऱ्याच्या आसपास कुठेतरी तुमची स्वतःची हद्द आहे, ती ओळखून ठेवा.

घोट

पहिला घोट जोखायचा नाही. तो जिभेची ओळख करून देण्यापुरता. दुसरा घोट चमचाभर घ्या, तोंडभर फिरवा, गिळा. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा मोठा भाग त्या श्वासात असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि गिळल्यावर चिमूट सोडा : कडू आणि गोड आधी कळतील, कॉफी आणि खजूर चिमूट सुटल्यावर येतील.

कडूपणा दोन वाटांनी येतो, हॉप्समधून (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) आणि भाजलेल्या माल्टमधून, आणि ते वेगळे ओळखता यायला हवेत. हॉप्सचा कडूपणा कारल्यासारखा, स्वच्छ आणि जिभेच्या मागच्या भागावर रेंगाळणारा. भाजणीचा कडूपणा कोऱ्या कॉफीसारखा, बरोबर थोडा आंबटपणा आणि कोरडेपणा घेऊन येणारा. तिसरी एक गोष्ट कडूपणाचं सोंग घेऊन येते ती म्हणजे तुरटपणा. तो चव नाही, स्पर्श आहे. कच्च्या केळ्याची फोड किंवा जास्त उकळलेला चहा आठवा, गाल आणि हिरड्या ओढल्या जातात. काळ्या माल्टच्या टरफलांतून तो उतरतो.

इथेच बेल्जियन साखर अडचण करते. इंग्लिश किंवा अमेरिकन इम्पीरियल स्टाउटमध्ये न आंबलेली गोडी शिल्लक राहते, आणि ती भाजणीच्या कडू-तुरटाला अंगाखाली घेते, जशी दुधाने कॉफी निवते. बेल्जियन पद्धतीत ती गोडी साखरेच्या वाटेने आंबून गेलेली असते. भाजणी उघडी पडते. वरून भरपूर वायू, तोही जिभेला टोचतो. म्हणून जाणता बेल्जियन ब्रुअर भाजणी बेताने ठेवतो, टरफल काढलेलं काळं माल्ट वापरतो आणि रंग काही प्रमाणात काळ्या पाकाकडून घेतो. अशा बिअरमध्ये कॉफी मागे आणि मनुका पुढे असते. अस्सल स्टाउटप्रेमींना ती ‘कमी स्टाउट’ वाटते. मला तो ब्रुअरचा शहाणपणा वाटतो, पण हे माझं मत आहे, आणि ब्लॅक अल्बर्टसारखी बिअर भाजणी भरपूर ठेवूनही तोल सांभाळते हेही खरं.

तोल पाहताना शेवट पाहा. घोट गिळल्यावर मनात २० आकडे मोजा. पहिल्या पाचांत काय आहे, दहाला काय, विसाला काय? चांगल्या बिअरमध्ये वाटा बदलत जातात : आधी चॉकलेट, मग खजूर, मग मसाल्याची किंचित चुणचुण, शेवटी कोरडी कॉफी. विसाव्या आकड्याला फक्त राख उरली असेल तर भाजणी जिंकली आहे. फक्त केळं उरलं असेल तर यीस्ट. दोन्ही वेळा गुण कापले जायला हवेत.

अल्कोहोल छातीत उबदार उतरलं तर ठीक. घशात जळजळलं, नाकात स्पिरिटचा झोत आला, तर आंबवण फार गरम झालं असावं आणि जड अल्कोहोलं जास्त बनली असावीत. वर्षा-दोन वर्षांत ऊब थोडी मवाळ होते, जळजळ सहसा जात नाही.

आता तो राखलेला गाळाचा भाग वेगळ्या पेल्यात ओता आणि चाखा. तो जास्त मऊ, थोडा पावासारखा, कधी जास्त कडू लागेल. गुण गाळ सोडून वर ओतलेल्या बिअरलाच द्या, पण यीस्टचा स्वभाव या घोटात सरळ भेटतो. नवख्या माणसाला यीस्ट म्हणजे काय ते मी नेहमी इथेच दाखवते.

दोष कोणता, स्वभाव कोणता

आंबटपणापासून सुरुवात करू. दे डोलेच्या एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउटमध्ये अनेकांना किंचित आंबूस कड जाणवते. आमसुलाच्या साराला जशी असते तशी, भाजणीला कापणारी. ती त्या बिअरचा भाग आहे आणि कोरड्या शेवटाशी जुळते. पण आंबटपणा व्हिनेगरसारखा नाकात गेला, किंवा बिअर पातळ होऊन फेस बाटलीबाहेर उसळत राहिला, तर नको त्या जिवाणूंनी शिरकाव केला आहे. कसोटी अशी : आंबट चव बाकीच्यांना उठाव देते की झाकते?

सोया सॉसचा वास जुन्या स्टाउटमध्ये येतो. बिअर वर्षानुवर्षं यीस्टवर राहिली की मेलेल्या पेशी फुटून खारट, मांसाच्या रश्श्यासारखी चव उतरते, आणि हवेनेही असे वास वाढतात. एखादी छटा मला चालते, चॉकलेटला खोली येते. दुसऱ्या घोटाला जर फक्त तेच जाणवलं तर बिअर गेली. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र कधीच चालत नाही.

बँडेज, डेटॉल असा वास आला तर आधी स्वतःला विचारा, ही वाढलेली लवंग आहे की वेगळंच काही? लवंग आणि धुराची बेरीज असेल तर तिच्या कडेला मसाला सापडतोच. पाण्यातल्या किंवा सफाईच्या क्लोरीनमुळे तयार झालेला क्लोरोफिनॉल निखळ दवाखाना असतो, मसाल्याचा मागमूस नाही. पहिल्यात पाककृती सुधारायची, दुसऱ्यात पाणी आणि धुणं. परीक्षकाने हे दोन एक करून लिहिले तर बिचारा ब्रुअर वर्षभर चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतो.

कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे घाईने बाटलीत भरलेली बिअर. लोण्याचा वास बेल्जियन स्टाउटमध्ये बसत नाही.

गुण देणं

घरगुती ब्रुअरांच्या स्पर्धांमध्ये बीजेसीपी या अमेरिकन संस्थेची ५० गुणांची पत्रिका जगभर वापरतात : वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. पंचेचाळीस आणि त्यावर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली, त्याखाली अडचणी. इम्पीरियल स्टाउटला त्यांच्या यादीत स्वतःची जागा आहे, बेल्जियन इम्पीरियल स्टाउटला नाही. ती मिश्र शैलीत मोडते आणि कोणत्या शैली एकत्र केल्या ते ब्रुअरला सांगावं लागतं. तुम्ही स्वतः बिअर पाठवणार असाल तर ‘इम्पीरियल स्टाउट आणि बेल्जियन डार्क स्ट्राँग एल’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर परीक्षक लवंग पाहून दोष समजेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

एका ओळखीच्या माणसाने घरी केलेल्या १० टक्क्यांच्या बिअरला मी गुण दिले ते सांगते. वास १२ पैकी ८ : काळी मनुका आणि कॉफी छान, लवंग जरा वर, अल्कोहोल दबलेलं. दिसणं ३ पैकी ३. चव २० पैकी १२ : सुरुवात खजूर-चॉकलेटची, पण दहाव्या आकड्यापासून राख, आणि त्या राखेत लवंग मिसळून औषधी कड. स्पर्श ५ पैकी ३ : मध्यम अंग, वायू ठीक, शेवटी तुरट. एकूण १० पैकी ६. बेरीज ३२. खाली लिहिलं : ‘यीस्ट आणि फळं सुंदर आहेत, ती तशीच ठेवा. काळं माल्ट कमी करा किंवा टरफल काढलेलं घ्या, ते शेवटी घाला. आंबवणाचे पहिले दोन दिवस थोडे थंड ठेवून लवंग खाली येते का पाहा.’ त्याने पुढच्या खेपेला माल्टच कमी केलं, बाकी काहीच बदललं नाही, आणि लवंग आपोआप बेताची वाटू लागली. यीस्ट तेवढंच बोलत होतं, त्याच्यावर धुराची भर पडत नव्हती एवढंच.

एकूण परिणामाचे १० गुण मी सगळ्यात शेवटी, पेला १८ अंशांच्या आसपास गेल्यावर देते. ही बिअर पुन्हा ओतून घ्यावीशी वाटते का, एवढंच विचारते.

सरावाला तीन बाटल्या

मिळाल्या तर या क्रमाने : गिनेस स्पेशल एक्स्पोर्ट, मग दे डोलेची एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउट, मग ब्लॅक अल्बर्ट. पहिलीत भाजणी जवळजवळ एकटी आहे, तिची चव पाठ करून घ्या. दुसरीत यीस्ट, आंबूस कड आणि कोरडेपणा. तिसरीत सगळंच मोठं. मध्ये साधा पाव आणि पाणी. चीज, चॉकलेट सगळं जोखून झाल्यावर. तेव्हा मात्र तिळाची वडी जरूर काढा. भाजलेले तीळ आणि गूळ स्टाउटजवळ बसतात तेव्हा बिअरमधल्या दोन रकान्यांना ताटात जोडीदार मिळतात, आणि जुनं गौडा चीज त्याच्या जवळपासही येत नाही असं माझं ठाम मत आहे.

ब्लॅक अल्बर्टच्या दोन बाटल्या घेता आल्या तर घ्या. एक आज उघडा आणि टिपण जपून ठेवा. दुसरी अंधारात, थंड जागी, उभी. लेबलवर पेन्सिलीने आजची तारीख घाला, आणि दोन वर्षांनी उघडाल तेव्हा जुनं टिपण आधी वाचू नका. नवं लिहून झालं की मग शेजारी ठेवा.